शून्य कुठं धरायचं

चिठ्ठीत मला तरसालीपलीकडची शाळा निघाली.
दोन खोल्या, एक हातपंप, पत्र्यावर माकडं.
जशोदाबेन पढियारांनी पाण्याचा पेला पुढं केला,
म्हणाल्या, "शिर्केसाहेब, आज एकोणीसच आहेत,
बाकीची अजून वीटभट्टीवर."

माझ्याकडे छापील तक्ता.
इयत्ता तिसरी. वाचन, लेखन, गणन.
प्रत्येक मुलापुढं एक चौकोन,
चौकोनात आजचा दिवस.
कालला जागा नव्हती.

नानली राठवा उभी राहिली.
परिच्छेद पोपटाचा, चार ओळींचा.
तिनं 'प' ओळखला,
'पो'पाशी अडली, बराच वेळ अडली,
मग मान वर करून मलाच विचारलं,
"साहेब, शेवटी तो उडतो की नाही?"
मी सूचनापत्र पाहिलं.
परीक्षकानं उत्तर द्यायचं नव्हतं.
चौकोनात शून्य भरलं.

मधल्या सुट्टीत बेननी कपाटामागून वही काढली.
सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर, आत तारखा.

जून चौदा: नानली पेन्सिल मुठीत धरते, बत्त्यासारखी.
ऑगस्ट दोन: स्वतःचं नाव. एक अक्षर उलटं.
सप्टेंबर: वीसपर्यंत, बोटं पाठीमागे न लपवता.
दिवाळीनंतर पानं कोरी.
फेब्रुवारी नऊ: आली. निम्मं गेलंय. नाव शाबूत.
मार्च: प.

"हे तक्त्यात बसत नाही," मी म्हणालो.
त्या हसल्या.
"बसत असतं ना, तर मीही जून आणखी खाली लिहिला असता.
पाया खोल दाखवला की माळा उंच दिसतो, साहेब.
आणि मधले तीन महिने कुणाच्या नावावर टाकणार?
माझ्या? मुकादमाच्या? तिच्या?"
पेला अजून माझ्या हातात होता.
पाणी गोड होतं, एवढंच बोललो.

शाळेला 'क' मिळाला.
बेरीज मीच केली, दोनदा तपासली.
चूक नव्हती.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटर थांबवली.
खाली पातळी मोजायची पट्टी,
पुराच्या दिवसांत अख्खं बडोदं जिचे आकडे
एकमेकांना फोनवर सांगत बसतं.
आत्ता पाणी तिला शिवतसुद्धा नव्हतं.
गाळात एक मगर ऊन खात पडली होती.
या पट्टीचं शून्य कुठं धरलंय,
तळाशी, की तळाच्या वर कुठं तरी,
चोवीस वर्षं इथून जातोय,
कधी मनात आलं नव्हतं.

आमच्या शाळेला सलग तीन वर्षं 'अ'.
फाटकावर पितळी पाटी, शिपाई दर शनिवारी चिंचेनं घासतो.
मुलं येतात ती बाराखडी घेऊनच,
आईच्या स्कूटीवर पुढं उभी राहून पाढे म्हणत,
चारनंतर ट्यूशनला जातात.
मी भरल्या घागरीत पेलाभर ओततो
आणि घागरीची उंची माझ्या नावावर लागते.

शेरा लिहायला एकच ओळ होती.
लिहिलं: कृपया जूनची वही पाहावी.
कचेरीतला दामले म्हणाला,
"शेऱ्याचा रकाना वर चढत नाही हो,
फक्त आकडे चढतात."

सोमवारी वर्गात गेलो. हजेरी घेतली नाही.
विचारलं, "मी जे शिकवलं
ते आधीच येत होतं असे किती?"
मुलं एकमेकांकडे बघायला लागली.
आधी एक हात, मग तीन,
मग धडाधड.
बत्तीसपैकी सत्तावीस.

हात खाली घ्या म्हणायचं विसरलो.
पाच जण खाली बघत बसले होते,
त्यातल्या दोघांची नावं मला आठवेनात.
विचारली.
नव्या वहीत लिहून घेतली, तारखेसकट.